काट्याची पावती आणि पगाराची चिठ्ठी



या पानावर आपण नेहमी बेणे, खते, पाणीपाळी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या अंकात विषय वेगळा घेतला आहे, पण तो परका नाही. कुपवाड औद्योगिक वसाहतीभोवतीची बामणोली, सावळी, तानंग, कानडवाडी ही गावे घ्या, नाहीतर इकडची बुधगाव-कवलापूर घ्या. सात-बारावर ऊस आणि घरातले एक तरी माणूस एम.आय.डी.सी.त कामाला, अशी घरे गल्लोगल्ली सापडतील. थोरला शेती बघतो, धाकटा फौंड्रीत जातो, सून एखाद्या पॅकिंग विभागात जाते. उसाचे बिल हप्त्याने येते, पण घरचा किराणा आणि पोरांची फी या पगारावर चालते. तेव्हा हा पगार कोणत्या कायद्याने मिळतो आणि त्यासोबत आणखी काय मिळायला हवे, हे सभासदाला माहीत असलेच पाहिजे.

हे लिहायला निमित्तही तसेच घडले. ऊस नोंदीच्या कामाला गट ऑफिसात आलेले एक सभासद बोलता बोलता म्हणाले, "पोरगं तीन वर्षं झाली कुपवाडला जातंय. पगार बँकेत पडतोय, त्याची तक्रार न्हाई. पण फंड कापत्यात का, ते कुठं जमा हुतंय, कुणाच्या नावानं हुतंय, आमच्या घरात कुणालाच दखल न्हाई." आम्ही विचारले, नेमणुकीचे पत्र? नाही. पगाराची चिठ्ठी? मोबाईलवर एक आकडा येतो, तेवढाच. मग मालक कोण? तर कारखान्याचे नाव एक आणि पगार टाकणाऱ्या ठेकेदाराचे नाव दुसरेच.

हेच सभासद उसाची गाडी काट्यावर चढवताना पावती खिशात घातल्याशिवाय जागचे हलत नाहीत. भरलेले वजन, रिकामे वजन, तारीख, गट नंबर, सगळे दोनदा वाचतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत बिल मिळाले पाहिजे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगते. उसाच्या बाबतीत एवढे जागरूक असलेले घर पगाराच्या बाबतीत इतके ढिले कसे राहते, याचे आम्हाला नवल वाटते.

पहाटेच्या पाळीचा पहारेकरी

आता आपल्याच धंद्यातली एक खरी गोष्ट सांगतो. आताच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात साखर कारखान्यावर एक पहारेकरी होता. त्याची पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. २२ एप्रिल २००३ रोजी तो मोटारसायकलवरून पाळीवर निघाला आणि कामाच्या जागेपासून साधारण पाच किलोमीटर अलीकडे अपघात होऊन जागीच गेला. मागे बायको, चार मुले आणि आई.

कुटुंबाने भरपाईचा दावा लावला. त्या वेळी १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा लागू होता. उस्मानाबादच्या नुकसानभरपाई आयुक्तांनी २००९ साली ३,२६,१४० रुपये आणि २२ मे २००३ पासून १२ टक्के व्याज मंजूर केले, शिवाय मालकाला दंड लावला. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे सरळ होते. माणूस अजून कामावर पोचलाच नव्हता, रस्त्यावर होता, मग हा कामावरचा अपघात कसा? औरंगाबाद खंडपीठाने २०११ साली हे म्हणणे मान्य केले आणि भरपाई रद्द झाली.

कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला २९ जुलै २०२५ रोजी. अपघातापासून मोजले तर बावीस वर्षे आणि तीन महिने. आयुक्तांचा निर्णय पुन्हा कायम झाला. १२ टक्क्यांनी बावीस वर्षांचे व्याज हे मुद्दलाच्या अडीच पटीहून जास्त होते, हा हिशेब सोसायटीचे कर्ज काढणाऱ्या कोणालाही करता येईल. पण बाप गेला तेव्हा शाळेत असलेले पोर बावीस वर्षांनी कितीचे झाले असेल, हा हिशेब त्या व्याजात बसत नाही.

न्यायालयाने काय सांगितले ते नीट समजून घ्या, कारण ते आपल्या प्रत्येक पोराला लागू आहे. राज्य कामगार विमा कायद्यात, ज्याला आपण ई.एस.आय. म्हणतो, २०१० साली एक कलम घातले गेले. घरातून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात हा कामावरचाच अपघात समजावा, मात्र प्रसंग, वेळ आणि जागा यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे, असे ते कलम. पहारेकऱ्याचा दावा ई.एस.आय.चा नव्हता, जुन्या १९२३ च्या कायद्याचा होता. न्यायालय म्हणाले, दोन्ही कायदे कामगाराच्या भल्यासाठी आणि एकाच हेतूने केलेले आहेत, म्हणून एकाचा अर्थ दुसऱ्यालाही लावायचा. शिवाय २०१० चे कलम ही नवी सवलत नसून आधीच्याच अर्थाचा खुलासा आहे, म्हणून २००३ च्या अपघातालाही ते चालेल.

त्याचा दावा ई.एस.आय.मध्ये का नव्हता, असे कोणी विचारील. याचे उत्तर आपल्या गळीत हंगामात आहे. ई.एस.आय. कायद्यात हंगामी कारखाने वगळले होते आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखरेचे, गुळासह, नाव घालून ठेवले होते. म्हणजे कुपवाडच्या फौंड्रीतल्या पोराला ई.एस.आय.चे कार्ड मिळते, आणि सहा महिने बॉयलरसमोर उभे राहणाऱ्या साखर कामगाराला ते मिळत नाही. त्याला भरपाई मागायची तर दुसऱ्या दाराने जावे लागते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाने ई.एस.आय.च्या बाहेरच ठेवले आहेत. आम्हाला हे पटत नाही, पण कायदा आहे तसा सांगितला पाहिजे.

पहारेकऱ्याच्या बाजूने जे उभे राहिले ते पाळीची वेळ आणि अपघाताची जागा. तीन वाजताची पाळी आणि त्या वेळी त्या वाटेवरची मोटारसायकल, यांचा मेळ बसला. उद्या कुपवाडच्या रस्त्यावर असा प्रसंग कोणावर न येवो, पण आलाच तर पोराची पाळी कोणती होती हे घरच्यांना कशावरून दाखवता येईल? हजेरी ठेकेदाराच्या वहीत आणि वही ठेकेदाराच्या घरी. म्हणून आमची पहिली सूचना अगदी साधी आहे. पाळीचा तक्ता कारखान्यात लावला की त्याचा मोबाईलवर फोटो काढून तो घरातल्या दुसऱ्या माणसाकडे पाठवावा.

कायदे बदलले, ते कसे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या. वेतनाची २०१९ ची, आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व कामाच्या जागेची सुरक्षितता यांच्या २०२० च्या. २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत गुंडाळले गेले. १९४८ चा कारखाने कायदा, किमान वेतनाचा कायदा, १९६५ चा बोनस कायदा, १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा ही आपल्या कानावर बसलेली नावे आता या संहितांत आहेत. नाव बदलले म्हणजे हक्क गेला, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. आणि सगळेच चांगले झाले, असे सांगितले तरी ऐकू नका.

चांगले म्हणजे नेमणुकीचे पत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे. पगाराची चिठ्ठीही दिलीच पाहिजे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सोडले किंवा मालकाने काढले तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. मुदतीच्या करारावर घेतलेल्याला वर्ष भरले तरी ग्रॅच्युइटी, कायम माणसासारखी पाच वर्षे थांबायचे कारण नाही. वर्षाला हक्काची रजा मिळण्यासाठी पूर्वी २४० दिवस भरावे लागत, आता १८० दिवस पुरतात आणि वीस दिवसांना एक रजा. घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही, कामाशी संबंध असेल तर, संहितेतच आला आहे.

वाईट म्हणजे, ठेकेदाराकडे वीस माणसे असली की लागू होणारा १९७० चा ठेका कामगार कायदा गेला आणि आता ही अट पन्नास माणसांवर गेली. कारखाना बंद करायला किंवा माणसे कमी करायला सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांपासून लागे, आता तीनशेपासून. संपाला चौदा दिवसांची नोटीस सगळीकडेच लागते. कुपवाडमध्ये तीनशे कामगारांचे कारखाने किती आणि तीस-चाळीस माणसांचे किती, हे तिथून रोज जाणाऱ्या पोराला विचारा, म्हणजे या आकड्यांची किंमत कळेल. छोट्या शेडमधल्या कामगाराला कायद्याची सावली थोडी विरळ झाली आहे, म्हणून त्याने कागदाला जास्तच धरून राहिले पाहिजे.

फंडाचा हिशेब

सभासदांचा सर्वांत जास्त गोंधळ फंडात होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

भविष्य निर्वाह निधी वीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला लागू आहे. कामगाराच्या वेतनातून १२ टक्के आणि मालकाने वरून तेवढेच. समजा, फंडासाठी धरलेले वेतन १२,००० रुपये आहे. पोराचे १,४४० कापले जातात, मालक १,४४० घालतो. मालकाच्या भागातले ८.३३ टक्के, म्हणजे साधारण १,००० रुपये, पेन्शनच्या खात्याला जातात आणि उरलेले ४४० फंडात. म्हणजे पोराच्या फंडात दरमहा १,८८० पडायला पाहिजेत. पासबुकात एवढे दिसले नाहीत तर विचारायचे.

यात एक मेख असते. पगार १८,००० ठरवायचा, पण मूळ वेतन ६,००० दाखवायचे आणि बाकीचे १२,००० निरनिराळे भत्ते म्हणून लिहायचे. फंड ६,००० वर, म्हणजे फक्त ७२०. नव्या संहितेने यावर गाठ मारली आहे. वगळायचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त होत असतील तर वरची रक्कम वेतनात धरायची. म्हणजे वरच्या उदाहरणात ९,००० धरून १,०८० कापावे लागतील आणि मालकालाही १,०८० घालावे लागतील. पोरगे घरी येऊन म्हणेल, "ह्या महिन्यात तीनशे साठ कमी आलं." त्याला समजावून सांगा, की ते कमी आलेले नाहीत, त्याच्याच नावाने पडले आहेत आणि मालकाचेही तेवढेच जास्त पडले आहेत.

दुसरी मेख ठेकेदार बदलण्याची. अकरा महिने झाले की एका ठेकेदाराच्या नावावरून काढायचे, दुसऱ्याच्या नावावर घालायचे. माणूस तोच, मशीन तेच, गेटही तेच. अशा वेळी पोरे काय करतात? जुना फंड काढून मोटारसायकलचा हप्ता नाहीतर सणाचा खर्च भागवतात. पेन्शनला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. दर वेळी फंड मोडला आणि पेन्शनचे पैसेही उचलले, तर ती दहा वर्षे कधीच भरत नाहीत. २०१४ पासून प्रत्येकाला जन्मभराचा एकच क्रमांक मिळतो, त्याला यू.ए.एन. म्हणतात. ठेकेदार कितीही बदलो, क्रमांक तोच सांगायचा. नवा घेऊ द्यायचा नाही.

आणि वारस नोंद. लग्नाआधी आईचे नाव घातलेले असते, पुढे बदलायचे राहून जाते. फंडाबरोबर विमाही असतो. नोकरीत असताना माणूस गेला तर वारसाला जास्तीत जास्त सात लाख रुपयांपर्यंत मिळू शकतात. त्यासाठी वेगळा हप्ता कामगाराकडून घेत नाहीत, म्हणून बहुतेकांना तो आहे हेच माहीत नसते. उमंग नावाच्या सरकारी अ‍ॅपवर पासबुक बघता येते. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला बसवा, अर्ध्या तासाचे काम आहे.

ई.एस.आय. आणि भरपाई

दहा किंवा जास्त माणसे आणि महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत (ही मर्यादा जानेवारी २०१७ पासूनची) असेल तर ई.एस.आय. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. १६,००० पगारावर पोराचे १२० रुपये आणि मालकाचे ५२०. एवढ्यात त्याला आणि घरच्यांना औषधोपचार, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, आणि कामावर जखमी होऊन घरी बसला तर ९० टक्के. कामावरील अपघातात मृत्यू झाला तर अवलंबितांना दरमहा लाभ. आपल्याकडे माणूस जखमी झाला की आधी खासगी दवाखान्यात नेतात, ठेकेदार पाच-दहा हजार हातावर ठेवतो आणि "केस करू नका" म्हणतो. त्या पाच-दहा हजारांच्या बदल्यात वर्षानुवर्षांचा लाभ सुटतो. अपघाताची नोंद त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात वहीत झालीच पाहिजे, एवढा आग्रह धरा. बाकीचे पुढे बघता येते.

ज्याला ई.एस.आय. लागू नाही त्याला नुकसानभरपाई. आपल्या साखर कामगारांसाठी हेच दार आहे, म्हणून रीत सांगतो. मृत्यू झाला तर महिन्याच्या वेतनाचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे कोष्टकात दिलेल्या आकड्याने गुणायचा. पंचवीस वर्षांच्या माणसाला हा आकडा २१६.९१, चाळीस वर्षांच्या माणसाला १८४.१७. वेतन १४,००० धरले तर पंचविशीच्या पोराच्या बाबतीत ७,००० गुणिले २१६.९१, म्हणजे १५,१८,३७० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात. महिन्याभरात मालकाने पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना लांबवले तर निम्म्यापर्यंत दंड. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. "दुःखात कोण कोर्टात जातंय" म्हणून लोक थांबतात आणि दोन वर्षे पाण्यासारखी निघून जातात.

तास, रजा, बोनस

हे लवकर सांगतो. आठवड्याला ४८ तास. त्यावरच्या ओव्हरटाइमला दुप्पट दर आणि कामगाराची संमती, दोन्ही हवे. आठवड्याची सुट्टी हक्काची. ही सुट्टी कोणी आपणहून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले होते, आणि ती चळवळ आपल्या सातारा-सांगली भागात किती रुजली होती हे जुन्या मंडळींना सांगायला नको.

बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के. वर्षात तीस दिवस काम केले तरी पात्रता येते. ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटच्या वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणायचे आणि वर्षांनी गुणायचे. वेतन १८,२०० आणि नोकरी आठ वर्षे असेल तर दिवसाचे ७००, वर्षाचे १०,५००, एकूण ८४,०००.

लेकी-सुनांविषयी दोन शब्द. एकाच कामाला बाईला कमी पगार, हे कायद्याला मान्य नाही. रात्रपाळी तिच्या संमतीशिवाय देता येत नाही, आणि दिली तर ने-आण व सुरक्षिततेची व्यवस्था मालकाची. दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती पाहिजे. जिथे ती नाही तिथल्या बाईसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत करायची. हा विषय घरात बोलायला अवघड जातो. पण सून एकाएकी "मला आता कामावर जायचं नाही" म्हणाली तर आधी कारण विचारा, आळशी ठरवू नका.

आपण मालकही आहोत

इथपर्यंत वाचताना सभासदांनी बापाच्या नजरेने वाचले असेल. आता जरा दुसऱ्या खुर्चीत बसू. ज्याच्या नावावर कारखान्याचा शेअर आहे तो कारखान्याचा मालक आहे. वार्षिक सभेत आपण भाव वाढवून मागतो, ते बरोबरच आहे. पण कामगारांचा फंड वेळेवर भरला का, हा प्रश्न कोणत्या सभेत कोणी विचारल्याचे आम्हाला आठवत नाही.

हा प्रश्न का विचारावा, ते मराठवाड्यातल्या कन्नड आणि गंगापूर या दोन सहकारी साखर कारखान्यांच्या प्रकरणावरून कळते. कारखान्यांनी साखर राज्य सहकारी बँकेकडे तारण ठेवून कर्ज घेतले होते. इकडे कामगारांचा फंड थकला. फंडाच्या अधिकाऱ्यांनी गोदामातली साखर जप्त केली, तेव्हा बँक म्हणाली, ही पोती आमच्याकडे तारण आहेत, आधी आमचे पैसे. ८ ऑक्टोबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की फंडाची थकबाकी, त्यावरचे व्याज आणि दंडासह, सगळ्यांच्या आधी. तारण साखरेवरही. आता विचार करा. बँकेच्याही आधी फंड, मग सभासदाच्या बिलाला गोदामात किती पोती उरतील? कामगाराचा फंड थकवून उसाला भाव देता येतो, असे ज्याला वाटते त्याने हे प्रकरण एकदा समजून घ्यावे.

हंगामी कामगाराला दर हंगामास सात दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते. हंगाम कमी दिवसांचा झाला म्हणून ती बुडत नाही. कारखान्यात ठेकेदाराची माणसे असतील आणि ठेकेदाराने पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी शेवटी मूळ आस्थापनेवर येते. "ते ठेकेदाराचं आहे, आमचं न्हाई" हे उत्तर कुपवाडच्या मालकाने दिले तर आपल्याला राग येतो. तेच उत्तर आपल्या गेटवर दिले जात असेल तर?

ऊसतोड टोळ्यांचा प्रश्न यापुढचा आणि अवघड. उचल मुकादम देतो, करार वाहतूकदाराशी, ऊस सभासदाचा आणि साखर कारखान्याची. एका कोयत्यामागे नवरा-बायको दोघे राबतात. यांचा मालक कोण, हा प्रश्न प्रत्येक जण दुसऱ्याकडे ढकलतो. फडात पाचटावरून पाय घसरून कोणी पडले, बैलगाडीखाली कोणी सापडले, तर त्या दिवशी कोणाकडे जायचे हे त्या बाईला माहीत नसते, आणि खरे बोलायचे तर आपल्यालाही नसते. एका लेखात हा विषय मावणारा नाही. त्यावर स्वतंत्र लिहू.

तक्रार कशी करावी

पगार, ओव्हरटाइम, बोनस यांसाठी सांगलीला सहायक कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. फंडाचे आपल्या भागाचे काम कोल्हापूरच्या कार्यालयातून चालते. संहिता नव्या आहेत, तेव्हा कोणता अर्ज कोणत्या नमुन्यात द्यायचा हे तिथेच विचारून घ्यावे, झेरॉक्सवाल्याच्या सल्ल्याने जुना फॉर्म भरू नये. थकलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो. कामावरून काढल्याची तक्रार न्यायाधिकरणाकडे न्यायची तर दोन वर्षांत. पूर्वी यासाठी तीन वर्षे होती.

अर्ज नेहमी दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नये. "राजीनामा लिहून दे, हिशेब लगेच करतो" असे म्हटले की घाई करू नये. हिशेबाचा हक्क राजीनाम्याशिवायही आहे. आणि भांडणाची भाषा आधी नको. कुपवाडचे कित्येक छोटे कारखानदार आपल्यासारखेच शेतकऱ्यांच्या घरातून आलेले आहेत, बँकेचे हप्ते फेडून शेड चालवतात. अर्धे दोष हे अज्ञानाचे असतात, लेखी विचारल्यावर सुधारतात. उरलेल्या अर्ध्यांसाठी शिक्का मारलेली प्रत असते.

सुरुवातीला ज्यांचा उल्लेख केला त्या सभासदांच्या मुलाला आम्ही रविवारी गट ऑफिसात बोलावले. मोबाईलवर शोधले तेव्हा त्याच्या नावावर एक नाही, दोन क्रमांक निघाले. पहिल्या ठेकेदाराचे चौदा महिने एकात, दुसऱ्याचे दुसऱ्यात, आणि मधले चार महिने कुठेच नाहीत. त्या चार महिन्यांचा पगार बँकेच्या पासबुकात मात्र दिसतो आहे. दोन्ही क्रमांक जोडण्याचा अर्ज भरला आहे. चार महिन्यांबद्दल ठेकेदाराला लेखी विचारले आहे, पंधरा दिवसांची वाट पाहून तो कागद कोल्हापूरला जाईल. वडिलांनी बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स काढली आणि ती काट्याच्या पावत्या ठेवतात त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवली.